प्रमाणपत्राच्या पुढची साक्षरता

गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा 30 मे 2025 रोजी, त्या राज्याच्या घटक राज्य दिनी झाली. त्याआधी दहाच दिवस मिझोरामने तशी घोषणा केली होती. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे 95 टक्के लोक साक्षर झाले की राज्य पूर्ण साक्षर मानले जाते. महाराष्ट्रही त्याच वाटेवर आहे. 'उल्लास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात राज्यातले लाखो प्रौढ नाव नोंदवत आहेत, वर्गात बसत आहेत, परीक्षा देत आहेत. साठी-सत्तरीतल्या बाया नातवंडांच्या वयाच्या मुलांकडून अक्षरे गिरवायला शिकतात, हे चित्र कोणाही संवेदनशील माणसाला उभारी देणारे आहे. मात्र या उभारीतच एक प्रश्न मागे पडतो. प्रौढ माणूस वाचायला नेमका कसा शिकतो, याचे जे ज्ञान जगात जमा झाले आहे, ते आपल्या गावातल्या स्वयंसेवकाच्या हाती पोहोचले आहे का? आजचे उत्तर 'फारच थोडे' असे आहे. ते बदलणे ही साक्षरतेच्या कामातली पुढची आणि तातडीची जबाबदारी आहे, असे आमचे मत आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के होती. स्त्रियांमध्ये ती 76 टक्क्यांच्या जवळपास होती, म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी एकीला लिहिता-वाचता येत नव्हते. 'उल्लास' हा 2022 ते 2027 या पाच वर्षांचा कार्यक्रम असून त्यासाठी 1037.90 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि 15 वर्षांवरील पाच कोटी असाक्षरांना शिकवण्याचे उद्दिष्ट आहे. एका माणसाच्या वाट्याला त्यातले जेमतेम दोनशे रुपये येतात. हा सगळा डोलारा विनामोबदला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभा आहे. त्यांच्यात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. जिथे पैसा इतका थोडा आणि माणसाचा वेळ इतका मोलाचा, तिथे शिकवण्याची पद्धत चुकीची असणे परवडत नाही. दिवसभर शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर राबून संध्याकाळी पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा एक तास हा कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा, पण सर्वांत मोठा खर्च आहे.

महाराष्ट्राला प्रौढ शिक्षणाची मोठी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्याने फेब्रुवारी 1990 मध्ये पूर्ण साक्षरता गाठल्यावर जिल्हा मोहिमांची लाट देशभर उसळली, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात आघाडीवर होते. कलापथके, प्रभातफेऱ्या, भिंतींवरच्या घोषणा यांनी गावेच्या गावे ढवळून निघाली. या मोहिमांनी स्त्रियांना घराबाहेर बोलायला जागा मिळवून दिली आणि मुलांना शाळेत घालण्याची ओढ वाढवली. 1991 ते 2001 या दशकात देशाची साक्षरता सुमारे 52 टक्क्यांवरून 65 टक्क्यांच्या जवळ गेली, त्यात या वातावरणाचा वाटा होता.

त्याच मोहिमांचे मूल्यमापन करणाऱ्या अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने मात्र 1994 मध्ये एक गंभीर इशारा दिला होता. मोहीम संपलेल्या अनेक जिल्ह्यांत मिळवलेली साक्षरता नाजूक आहे आणि लोक पुन्हा निरक्षरतेकडे घसरण्याची शक्यता मोठी आहे, असा त्याचा आशय होता. साताऱ्याच्या मोहिमेनंतरही हेच दुखणे वर आले होते. उत्साह, संघटना आणि राजकीय इच्छाशक्ती यांपैकी कशाचीच वाण नसताना साक्षरता टिकत नसेल, तर उणीव दुसरीकडे आहे. ती कुठे आहे हे गेल्या दोन-तीन दशकांच्या संशोधनातून बरेचसे स्पष्ट झाले आहे.

पहिला मुद्दा वाचनाच्या वेगाचा. जागतिक बँकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अबाद्झी यांनी विकसनशील देशांतल्या साक्षरता वर्गांकडे स्मरणशक्तीच्या अंगाने पाहिले. माणसाची तात्पुरती स्मृती फार थोडा वेळ आणि फार थोडा मजकूर धरून ठेवते. एकेक अक्षर लावत वाचणारा नवसाक्षर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरून जातो. अक्षरे सगळी ओळखीची, शब्दही लागतात, पण अर्थ हाती येत नाही. असे वाचन कष्टाचे असते आणि कष्टाचे काम माणूस सोडून देतो. म्हणजे अक्षरओळख झाली की शिक्षण पूर्ण झाले, असे नव्हे. अक्षर दिसताक्षणी, विचार न करता ओळखता येईल इतका सराव व्हावा लागतो. हा सराव प्रौढाला लहान मुलापेक्षा जास्त लागतो, असे अबाद्झी यांचे प्रतिपादन आहे. आपल्या वर्गांत नेमका त्यालाच वेळ नसतो. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे अशी धावपळ करून परीक्षेची तारीख गाठली जाते.

प्रौढांना शिकता येत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या गावांतल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर शिक्षणाआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. सहा महिन्यांत त्या साधारण पहिलीच्या पातळीचे वाचू लागल्या. दृष्टीशी संबंधित अशा मेंदूच्या खोलवरच्या भागांतही बदल दिसले. अभ्यास लहान होता, सहभागी तीसच्या आसपास होते, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण 'आता या वयात डोक्यात काय शिरणार' असे म्हणत वर्गातून उठणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगायला हवे, की शिकण्याची ताकद तिच्यात शाबूत आहे. चांगले शिकवणे हे आमचे काम आहे.

दुसरा मुद्दा लिपी शिकवण्याच्या क्रमाचा. अमेरिकेत जॉन क्रुइडेनियर यांनी 2002 मध्ये प्रौढांच्या वाचनशिक्षणाविषयी उपलब्ध संशोधनाचे सार काढले. अक्षर-ध्वनी संबंध, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन या चारही गोष्टी पद्धतशीर शिकवाव्या लागतात आणि शिकणाऱ्याला यांपैकी काय येते, काय येत नाही हे आधी तपासावे लागते, अशी त्याची मांडणी आहे. इंग्लंडमध्ये ग्रेग ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा वाचनाच्या वर्गातही प्रत्यक्ष वाचनाला फार कमी वेळ मिळतो असे दिसले. पुढे शिक्षकांना ध्वनिआधारित पद्धत आणि मोठ्याने वाचून घेण्याची पद्धत शिकवून त्या वर्गांत वापरून पाहिल्या गेल्या आणि शिकणाऱ्यांची प्रगती नोंदवली गेली.

हे निष्कर्ष इंग्रजीचे आहेत. देवनागरीचा स्वभाव वेगळा आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आणि उच्चारांचा गोंधळ, तर आपल्याकडे उच्चार सरळ पण चिन्हांचा पसारा मोठा: व्यंजने, स्वर, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरे. पालघर आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा 'लिरिल' हा अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला, त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. एवढी चिन्हे आत्मसात करायला मुलांना पाठ्यक्रम गृहीत धरतो त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो आणि घरची भाषा पुस्तकी भाषेहून वेगळी असेल तर अडचण वाढते, हे त्यातून दिसले. प्रौढ वर्गांचा असा तपशीलवार अभ्यास मराठीत व्हायला हवा. आपल्याकडे 'ग म भ न' हा क्रम रूढ आहे. सारखी वळणे एकत्र गिरवायला तो सोयीचा असतो. पण लिहिण्याला सोयीचा क्रम वाचण्यालाही सोयीचा असेलच, असे नाही. सारखी दिसणारी अक्षरे एकाच वेळी शिकवली तर ओळखताना घोळ वाढतो की कमी होतो, हे नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या बाईबरोबर, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या माणसाबरोबर, मालवणी आणि अहिराणी बोलणाऱ्यांबरोबर तपासता येण्यासारखे आहे. असा प्रयोग करायला मोठा पैसा लागत नाही. नोंद ठेवण्याची शिस्त आणि चुकीचे निघाले तर बदलण्याची तयारी पुरते.

तिसरा मुद्दा गणिताचा, आणि इथे प्रौढ रिकाम्या हाताने येत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केला. विक्री करताना तोंडी हिशेबात जवळपास 98 टक्के उत्तरे बरोबर देणारी मुले तीच गणिते कागदावर मांडून दिल्यावर 37 टक्केच सोडवू शकली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी 2025 मध्ये आलेला अभ्यासही याच दिशेचा आहे. आपल्या आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई किलो, पाव, सुटे पैसे यांचा हिशेब क्षणात करते. बचत गटातल्या बायका व्याजाचा अंदाज तोंडी सांगतात. त्यांना संख्याज्ञान एक-दोन-तीनपासून शिकवणे म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाकडे पाठ फिरवणे आहे. तोंडी हिशेब आधी त्यांच्याकडून करून घ्यावा, मग तोच कागदावर कसा मांडायचा ते दाखवावे. अशा वर्गात बाई शिकणारीही असते आणि जाणकारही. प्रौढ माणसाला वर्गात टिकवून ठेवायला याहून मोठे बळ नाही.

चौथा मुद्दा वर्गाबाहेरच्या वापराचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत व्हिक्टोरिया पर्सेल-गेट्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्रौढ वर्गांची तुलना केली. ज्या वर्गांत केवळ सरावपुस्तिकेऐवजी खऱ्या आयुष्यातला मजकूर वाचला-लिहिला जात होता, तिथले लोक घरीही अधिक वाचू-लिहू लागले होते. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात स्टीफन रेडर यांनी सुमारे हजार प्रौढांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला. वर्गामुळे आधी बदलतो तो रोजच्या जगण्यातला वाचनाचा वापर. कौशल्य वाढल्याचे परीक्षेत दिसायला पुढे अनेक वर्षे जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे वर्ग संपल्या-संपल्या घेतलेली परीक्षा कार्यक्रमाचे खरे फळ दाखवत नाही. ते नंतरच्या वर्षांत, रोजच्या वाचनातून धरते.

आफ्रिकेतल्या नायजर देशात जेनी एकर, क्रिस्टोफर क्सोल आणि ट्रॅव्हिस लिबर्ट यांनी 113 गावांत एक प्रयोग केला. सर्व गावांत साक्षरता वर्ग होते. काही गावांत त्याच वर्गात साध्या मोबाइल फोनचा वापरही शिकवला गेला. त्या गावांतल्या लोकांना परीक्षेत अधिक गुण मिळाले आणि वर्ग संपून सात महिने झाल्यावरही त्यांची गणितातली आघाडी टिकून होती. नंतरच्या एका प्रयोगात शिक्षक, विद्यार्थी आणि गावप्रमुख यांना दर आठवड्याला फोन करून वर्गाची विचारपूस केली गेली. तेवढ्यानेही निकाल सुधारले. आपल्याकडे बहुतेक घरांत फोन आहे, आणि तरी साक्षरता वर्गात तो बाजूला ठेवला जातो. बँकेचा संदेश, रेशन दुकानावरचा फलक, एसटीची पाटी, जॉब कार्ड, पासबुक, सातबारा, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, हेच नवसाक्षराचे पाठ्यपुस्तक व्हायला हवे.

वर्ग संपल्यावर वाचनाची सवय जिवंत ठेवण्याचे मार्गही तपासून पाहिलेले आहेत. ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून दूरचित्रवाणीवरच्या चित्रपट गीतांना त्याच भाषेतली उपशीर्षके देण्याची कल्पना पुढे नेली. गाणे ऐकता ऐकता शब्द नजरेखालून जातात आणि नवशिक्या वाचकाचा आपोआप सराव होतो. मराठी चित्रपटांवरही हा प्रयोग झाला आहे. त्याचबरोबर महाराष्ट्रात 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभे राहिलेले गावोगावच्या ग्रंथालयांचे जाळे आहे. मोठ्या टाइपातली, सोप्या वाक्यांची, प्रौढांच्या अनुभवाला साजेशी पुस्तके या ग्रंथालयांत नवसाक्षरांसाठी वेगळी ठेवली, तर मोहिमेला कायमचे घर मिळेल.

पुराव्यावर भर देण्याविषयी दोन शंका नेहमी घेतल्या जातात आणि त्या रास्त आहेत. पहिली, साक्षरता ही केवळ तंत्राची बाब नाही. ती सन्मानाची आणि हक्काची गोष्ट आहे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी शिकवले ते हेच, आणि फुले दांपत्याने ते त्यांच्या आधी शंभर वर्षे आचरणात आणले. आम्ही याच्याशी पूर्ण सहमत आहोत. म्हणूनच आमचा आग्रह आहे की, ज्या बाईने हिंमत करून वर्गात पाऊल टाकले, तिला वर्षभराने पुन्हा अंगठा उठवायची वेळ येऊ नये. तिच्या हातात टिकाऊ कौशल्य देणे हाच तिचा सन्मान. दुसरी शंका, परदेशातले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील कशावरून? ते होणार नाहीत, आणि सगळेच निष्कर्ष मोठे चमत्कारही दाखवत नाहीत. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी बिहार व राजस्थानमध्ये मातांच्या साक्षरता वर्गांचा मोठा शास्त्रीय प्रयोग केला. मातांचे लिहिणे-वाचणे सुधारले, मुलांच्या अभ्यासात त्यांचा सहभाग वाढला, मुलांच्या गणितातही फरक पडला, पण तो माफक होता. संशोधकांनी तो माफक आहे असेच सांगितले. धोरणाला आज अशा प्रामाणिक हिशेबाची गरज आहे. संशोधन शिक्षकाला हुकूम देत नाही. आपल्या वर्गात काय घडते आहे ते नीट पाहायची दृष्टी देते. स्वयंसेवकाचा अनुभव हाही पुरावाच आहे. तो लिहून ठेवला, दुसऱ्याशी ताडून पाहिला, तरच तो इतरांच्या कामी येतो.

यातून पुढची कामे स्पष्ट दिसतात. स्वयंसेवकाला सुरुवातीला एक भाषण आणि एक पुस्तिका देऊन सोडू नये. दर महिन्याला थोडा वेळ काढून एकच कृती शिकवावी: एकच उतारा मोठ्याने पुन्हापुन्हा कसा वाचून घ्यायचा, मात्रा ओळखायला शिकवताना काय पाहायचे, तोंडी हिशेब कागदावर कसा आणायचा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी दर आठवड्याला स्वयंसेवकांना फोन करून अडचणी विचारण्याची जबाबदारी घ्यावी. नायजरच्या अनुभवावरून हा खर्च अगदी किरकोळ ठरावा. वर्गाची वेळ शिकणाऱ्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवावी. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 मध्ये सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारी भरत असे, कारण तेव्हा त्या आजी घरकामातून मोकळ्या होत. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांनी प्रौढ वर्गांना आपली प्रयोगशाळा मानून मराठीत, स्वयंसेवकाला समजेल अशा भाषेत, निष्कर्ष प्रसिद्ध करावेत.

आणि शेवटी मोजमाप. आजची चाचणी 150 गुणांची आहे: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50. प्रत्येक भागात 33 टक्के गुण मिळाले की माणूस साक्षर ठरतो. शिकणाऱ्याला आत्मविश्वास देणारा टप्पा म्हणून ही परीक्षा चांगली आहे, ती राहावी. पण कार्यक्रमाचे यश तिच्यावर ठरू नये. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यातल्या उत्तीर्ण नवसाक्षरांचा एक नमुना निवडून एक वर्षाने आणि तीन वर्षांनी पुन्हा भेटावे. ते मिनिटाला किती शब्द अर्थासह वाचतात, गेल्या आठवड्यात त्यांनी काय वाचले, काय लिहिले, बँकेचा अर्ज स्वतः भरला की दुसऱ्याकडून भरून घेतला, हे नोंदवावे. ते आकडे जिल्हावार, चांगले असोत की वाईट, जाहीर करावेत. जिथे निकाल कमी, तिथे शिक्षा न करता पद्धत बदलण्यासाठी मदत पाठवावी. पूर्ण साक्षरतेची घोषणा महाराष्ट्रानेही जरूर करावी, पण ती या दुसऱ्या मोजणीनंतर. 2027 मध्ये या कार्यक्रमाची मुदत संपेल. त्याआधी ही पाठपुरावा तपासणी सुरू झाली, तर पुढच्या कार्यक्रमाची आखणी अंदाजावर होणार नाही, आपल्याच राज्यातल्या आपल्याच माणसांकडून मिळालेल्या ज्ञानावर होईल. इतक्या वर्षांच्या मोहिमांनंतर शिकणाऱ्या प्रौढांचा आपल्यावर एवढा हक्क आहे.